दाखवायचे दात, खायचे दात

माणसाचं हसू नेमकं कुठे संपतं, हे जर्मनीत ठरलेलं आहे. वरच्या जबड्यात पाचव्या दाताशी आणि खालच्या जबड्यात चौथ्या दाताशी. मोजायचं मधल्या फटीपासून, दोन्ही बाजूंना. तिथपर्यंतच्या एखाद्या दातावर कॅप बसवायची वेळ आली, तर सक्तीचा आरोग्यविमा पांढऱ्या मुलाम्याचा खर्च हिशेबात धरतो. त्याच्या मागे, दाढांच्या मुलखात, नुसता धातू. बरं, पुढच्या दातांचा मुलामाही फक्त बाहेरच्या अंगाला. जिभेकडची बाजू धातूचीच, कारण जीभ कोणाला सांगायला जात नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण आपण आजवर पुढाऱ्यांवर खर्च केली. जर्मनांनी तिची नियमावली केली.

मी हे सगळं स्टुटगार्टला पाहुणी आलेल्या आईला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि एखादा सातमजली हसणारा असला तर?"

तर त्याने वरचे पैसे स्वतःच्या खिशातून घालायचे. मोकळेपणाने हसणं ही या देशात हौस समजली जाते आणि हौसेला मोल असतंच.

इथला आरोग्यविमा सक्तीचा आहे आणि तसा जुनाही. बिस्मार्कने 1883 साली कामगारांसाठी त्याचा कायदा केला. आज देशातली दहातली नऊ माणसं सरकारी पद्धतीच्या विमामंडळांत आहेत. पगाराच्या 14.6 टक्के मूळ हप्ता, त्यावर मंडळागणिक थोडा अधिभार (2025 साली तो सरासरी अडीच टक्के धरला होता), आणि बेरजेतला अर्धा वाटा मालकाचा. पगार चांगला असेल तर आपल्या वाट्याला महिन्याला साडेचारशे युरोंच्या वर येतात. पगाराच्या चिठ्ठीवर तो आकडा पाहून पहिल्या महिन्यात दातखीळ बसते. पण मग कळतं, की न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात फुकट येतात, डॉक्टरकडे गेलं की कार्ड पुढे करायचं आणि पाकीट काढायचंच नाही. शेजारच्या आजोबांचा खुबा बदलला, तेव्हा त्यांनी इस्पितळात दिवसाला दहा युरो भरले, बस्स. हे दहा युरोसुद्धा वर्षातून जास्तीत जास्त 28 दिवस. आजोबांना कोणी विचारलं नाही, की तुम्ही तरुणपणी जिने चढत होता का, वजन किती होतं, फुटबॉल कशाला खेळलात. खुबा गेला, बदलला, विषय संपला.

दातांचं तसं नाही. दात हा एकच अवयव असा आहे, ज्याच्याकडे विमा चारित्र्याचा दाखला मागतो.

तो दाखला खरोखरचा आहे. त्याला बोनुसहेफ्ट म्हणतात. तळहाताएवढी साधी वही. वर्षातून एकदा दाताच्या डॉक्टरांकडे जायचं, तोंड उघडायचं, ते बघतात, आणि बाहेर टेबलाशी बसलेली बाई त्या वर्षाच्या चौकोनात शिक्का मारते. बारा ते सतरा वयाच्या मुलांना दर सहामाहीला शिक्का लागतो, कारण त्या वयात माणसावर कमी विश्वास ठेवावा हे विमेवाल्यांनाही कळतं. सलग पाच वर्षांचे शिक्के असले तर कॅप, ब्रिज, कवळी यांवरचं अनुदान साठ टक्क्यांवरून सत्तर टक्क्यांवर जातं. दहा वर्षांचे असले तर पंचाहत्तरवर. दहा वर्षांत एखादं वर्ष हुकलं आणि त्याला सबळ कारण असलं, तर 2020 नंतर तेवढी एक चूक माफ आहे. आता ही वही मोबाइलातही ठेवता येते, पण आमच्या डॉक्टरांच्या टेबलाशी बसलेल्या बाईंचा शिक्क्यावरच विश्वास आहे. त्या शाईची गादी आधी तपासतात, मग वहीचं पान सपाट करतात, मग वजन देऊन शिक्का उमटवतात आणि त्यावर हलकेच फुंकर घालतात.

नुसता शिक्का असूनही भागत नाही बरं का. दातांच्या एकूण अवस्थेवरून त्यांची नियमित निगा राखली जाते हे दिसलं पाहिजे, असं कायद्यातच म्हटलं आहे. म्हणजे हजेरीही हवी आणि वर्तणूकही चांगली हवी.

आईने ती वही चष्मा लावून पानापानाने पाहिली. तिचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत आणि तिला उभ्या आयुष्यात एकही शिक्का मिळालेला नाही. "आम्ही राखुंडीने घासायचो," ती म्हणाली, "त्याचं कुठे लिहून ठेवलंय?"

आता हे अनुदान कशाचे टक्के, हे समजायला मला बराच काळ लागला. सांगते ते नीट ऐका, कारण मी नवऱ्याला हे समजावताना दातांच्या कण्या केल्या आहेत. साठ टक्के हे तुमच्या बिलाचे नव्हेत. तुमच्या तोंडात जो बिघाड आहे, त्यावर हे नियम ठरवणाऱ्या समितीच्या मते जो साधा, पुरेसा उपचार आहे, त्याच्या ठरलेल्या खर्चाचे साठ टक्के. समजा, समितीच्या मते तुमच्या दाढेवरच्या धातूच्या कॅपला 500 युरो लागतात. विमा 300 देणार. तुम्ही म्हणालात, मला धातू नको, चिनीमातीची पांढरी हवी, ती पडते 900 ला. विमा 300 च देणार. तुम्ही म्हणालात, मला इम्प्लांटच हवा. उत्तम, करा. दात पडलेल्या जागी साध्या ब्रिजला जे अनुदान बसतं तेवढंच मिळेल, वरच्या हजारांचं तुमचं तुम्ही बघा. वही शिक्क्यांनी भरलेली असली तर त्या 300 चे 375 होतात. म्हणजे दहा वर्षांच्या सदाचाराचं मोल त्या कॅपपुरतं 75 युरो. पुण्य त्याहून स्वस्त मिळतं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ज्यांची मिळकत फार कमी आहे त्यांना उरलेले चाळीस टक्केही मिळतात, म्हणजे साधा उपचार पूर्ण फुकट होतो. कवळीवाचून कोणाला राहावं लागत नाही. आपल्याकडच्या मेडिक्लेममध्ये दात बहुतेक वेळा अपघातात तुटला तरच विमेवाल्यांना दिसतो. ते आठवलं की माझ्या तक्रारीचा आवाज जरा खाली येतो.

कॅप बसवायच्या आधी डॉक्टर एक कागद तयार करतात. हाइल-उंड-कोस्टनप्लान, म्हणजे उपचाराचा आणि खर्चाचा आराखडा. कामाला हात लावण्यापूर्वी तो विमामंडळाकडे जातो, हल्ली तारेशिवायच, आणि मंजुरी सहा महिने टिकते. मी त्या कागदाच्या प्रेमात आहे. त्यावर तुमचं सबंध तोंड चौकटींत मांडलेलं असतं. प्रत्येक दाताला दोन आकडी क्रमांक, वर उजवीकडचे अकरापासून अठरा, डावीकडचे एकवीसपासून अठ्ठावीस, खाली तीसच्या आणि चाळीसच्या घरातले. चौकटीत अक्षरं भरलेली: दात नसला तर एक खूण, कॅप असली तर दुसरी, वाचवण्यात अर्थ उरला नसला तर फुली. आणि हे सगळं तीन ओळींत. एका ओळीत आहे ते. दुसऱ्या ओळीत विम्याच्या मते पुरे ते. तिसऱ्या ओळीत तुम्हाला हवं ते. आहे, पुरे, हवं. लग्नाआधी दोन्ही घरांनी असा कागद भरून एकमेकांना दिला असता तर किती गोष्टी वेळेवर कळल्या असत्या.

डॉक्टर तपासत असताना ते क्रमांक मोठ्याने पुकारतात आणि मदतनीस मुलगी संगणकावर टिपत जाते. "एक-आठ नाही. एक-सात भरलेला. एक-सहा कॅप." तुम्ही आडवे पडलेले, तोंडात आरसा, आणि तुमच्या डोक्यावरून तुमच्याच मालमत्तेची अशी जाहीर मोजदाद चाललेली. दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण ही गाय दरमहा हप्ता भरते. त्यामुळे मोजायचा हक्क त्यांना आहे आणि गप्प पडून राहायचं कर्तव्य मला.

भरलेल्या दातांची कथा निराळी. पूर्वी मागच्या दातातली कीड काढून त्यात चांदी भरली की विमा खूश असे. चांदी म्हणजे पारामिश्रित मिश्रण, काळपट, टिकाऊ, एकदा बसलं की माणूस जाईल पण ते जाणार नाही. सबंध युरोपीय संघात 1 जानेवारी 2025 पासून त्यावर बंदी आली. आता मागच्या दातांत आपोआप चिकटणारं साधं पांढरं सिमेंट वरखर्चाशिवाय भरून मिळतं. थर देऊन भरायचं, रंग जुळवून घ्यायचा, चकाकी आणायची तर फरक भरा. पुढच्या दातांत मात्र रंगाचं सिमेंट पहिल्यापासूनच विम्यात आहे. दाखवायचे दात ना ते.

रूट कॅनॉलच्या नियमात तर मला साक्षात आपली समाजव्यवस्था दिसली. एखाद्या दाढेची नस मेली, तर विमा सरसकट पैसे देत नाही. आधी बघतो की ही दाढ कोणाच्या शेजारी बसली आहे. ती वाचल्याने दातांची अखंड रांग टिकणार असेल, किंवा रांग एका बाजूने आखूड व्हायची टळणार असेल, किंवा आधीपासून बसवलेला ब्रिज तिच्या आधाराने उभा असेल, तर ती वाचवण्यालायक. पुढचामागचा कोणी उरला नाही, एकटीच कोपऱ्यात उभी आहे, तर उपटणं हा विम्यात बसणारा उपचार. दाढ तीच, दुखणं तेच. पण गोतावळा असेल तर जगवायचं आणि एकटी असेल तर गेलेली बरी. हे वाचल्यापासून माझी सातव्या क्रमांकाची दाढ सहाव्या क्रमांकाला जपून असते.

दात साफ करून घेणं यातही दोन जाती आहेत. दातांवर जमलेला कडक थर वर्षातून एकदा फुकट खरवडून देतात. त्याला नुसतं थर काढणं म्हणायचं. तेच काम निवांत, एकेका दातामागे जाऊन, हिरडीच्या कडेकडेने, शेवटी पुदिन्याच्या चवीची पेस्ट फिरवून केलं, की त्याला व्यावसायिक दंतस्वच्छता म्हणतात आणि त्याचे शंभर युरोंच्या आसपास पैसे पडतात. काही मंडळं त्यातले थोडे परत करतात. आपण दातांची निगा राखावी म्हणून वही काढणारा विमा प्रत्यक्ष निगेचे पैसे द्यायची वेळ आली की खिडकीबाहेर बघतो. दुसरीकडे हिरड्यांचा मोठा आजार झालाच, तर 2021 पासून त्याचे उपचार आणि नंतर दोन वर्षांची देखभाल विमा निमूटपणे सोसतो. थोडक्यात, आधी आजारी पडावं लागतं.

या बाबतीत शेजारचे डच लोक आणखी पुढे गेलेत. तिथेही मूळ विमा सक्तीचा आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांचे दात त्यात येतात. प्रौढ माणसाने दात तपासले, भरले, रूट कॅनॉल केलं, तर खर्च ज्याचा त्याने करायचा किंवा वेगळा विमा घ्यायचा. पण सगळे दात पडू द्या, पूर्ण कवळीचा पाऊण खर्च मूळ विम्यातून मिळतो. उगाच एकेक वाचवत बसलात तर तुमचं तुम्ही. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचा विमा टाळता न येणाऱ्या गंभीर आजारापुरता तोंडात डोकावतो, साधी कीड त्याला ओळख देत नाही. वो परगण्यातल्या लोकांना 2018 साली मतपेटीतून विचारण्यात आलं, की दातांसाठी सक्तीचा विमा आणायचा का. त्यांनी नको म्हणून सांगितलं. स्विस माणूस पैशांच्या बाबतीत तोंड उघडत नाही ते असं.

चारित्र्याचा मुद्दा जर्मनांनी एकदा फारच मनावर घेतला होता. 1997 साली कायदा आला, की 1978 नंतर जन्मलेल्यांना कॅप, ब्रिज, कवळीसाठी अनुदानच नाही. विचार असा, की या पिढीला लहानपणापासून फ्लोराइड, तपासणी, शाळेतली दातांची शिकवणी सगळं मिळालंय, आता यांचे दात बिघडले तर दोष यांचाच. 31 डिसेंबरला रात्री जन्मलेला माणूस निष्पाप आणि उजाडता 1 जानेवारी 1979 ला जन्मलेला बेजबाबदार. दोन वर्षांत सरकार बदललं आणि 1999 ला तो नियम गेला. माझा एक जर्मन सहकारी जानेवारी 1979 चा आहे. त्याने त्या कायद्यावर अजून दात धरला आहे.

पालक म्हणून माझी परीक्षा पाहिली ती मुलीच्या तारांनी. वेडेवाकडे दात विम्यात बसतात की नाही, हे डोळ्याला कसे दिसतात यावर ठरत नाही, ते पट्टीने मोजतात. एक ते पाच अशा पायऱ्या आहेत, तिसरीपासून पुढे विमा पैसे देतो. वरचे दात खालच्यांच्या पुढे आलेले असले, तर 6 मिलिमीटरपर्यंत दुसरी पायरी, त्याच्या वर एकदम चौथी. मधे तिसरी ठेवलेलीच नाही. त्यामुळे 6 मिलिमीटरवाल्या मुलीचे दात म्हणजे सौंदर्याचा प्रश्न आणि 6.1 वाल्या मुलीचे म्हणजे वैद्यकीय. माझी मुलगी खुर्चीत आडवी पडली, डॉक्टरीणबाईंनी छोटी धातूची पट्टी तिच्या दातांवर धरली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाला म्हटलं, माझ्या लेकीचे दात जरा जास्त पुढे असू देत. लग्नाच्या बाजारात ज्यावरून आमच्या एका मावशीने आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्यासाठी मी नवस बोलायच्या बेतात होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सात." मी इतक्या आनंदाने मान हलवली, की त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं.

इथेही वर्तणुकीचा भाग आहेच. पैसे विमा देतो, पण वीस टक्के आई-वडिलांनी आधी भरायचे. एकाच वेळी दुसऱ्याही मुलाला तारा लागल्या तर त्याचे दहा टक्के. मुलाने रबरं लावली, रात्रीचं यंत्र घातलं, तारीख चुकवली नाही आणि डॉक्टरांनी उपचार नीट पूर्ण झाला असं लिहून दिलं, की हे पैसे परत. अर्धवट सोडलं तर गेले. या वीस टक्क्यांनी घराघरांत जी शिस्त आणली आहे ती कोणत्याही संस्कारवर्गाला जमणार नाही. आमच्याकडे रात्री दहा वाजता "रबर लावलंस का?" ही हाक शुभंकरोतीची जागा घेऊन बसली आहे.

मग ज्याला त्याला पर्याय सुचतात. कोणी दातांचा वेगळा खाजगी विमा घ्या म्हणतं. ते अर्जातच विचारतात, किती दात कमी आहेत, कुठला उपचार सांगितला आहे का. जे आधीच बिघडलंय ते सहसा वगळतात. म्हणजे दात आहेत तोवर चणे दिसत नाहीत आणि चणे घ्यायला जावं तर दात मोजतात. कोणी हंगेरीला जाऊन येतं. तिथे काम स्वस्त पडतं, आणि युरोपीय संघातच असल्यामुळे आराखडा आधी मंजूर करून घेतला तर इथलं ठरलेलं अनुदान तिथेही मिळतं. आमच्या मराठी मंडळातले बहुतेक जण मात्र डिसेंबरच्या सुट्टीत पुणं गाठतात. तिथे विम्याची एक दमडी मिळत नाही, कारण पुणं कुठल्याच संघात बसत नाही. तरी जातात. इथे आराखड्याच्या तीन ओळी भरून होईतो तिकडे मेव्हण्याच्या मित्राने कॅपचं माप घेऊन, चहा पाजून, "वहिनी, परवा संध्याकाळी या" म्हणून सांगितलेलं असतं.

दातांच्या विम्यात मला सगळ्यात आवडलेलं कलम शेवटी सांगते. भरलेल्या दाताला आणि बसवलेल्या कॅपला दोन वर्षांची हमी असते. सिमेंट निघालं तर डॉक्टरांनी ते पुन्हा फुकट भरून द्यायचं.

गेल्या दिवाळीत आईने येताना डिंकाचे लाडू आणले होते. तिचे लाडू दोन प्रकारचे होतात, खुसखुशीत आणि ऐतिहासिक. हे दुसऱ्या प्रकारचे. पहिल्याच घासाला माझ्या सव्वीस क्रमांकाच्या दाढेतलं सिमेंट लाडवात राहिलं. आईने आधी लाडू तपासला, मग मला. दुसऱ्या दिवशी खुर्चीत डॉक्टरांनी विचारलं, नेमकं काय खाल्लंत. मी सांगितलं: झाडाचा डिंक, तुपात तळलेला, त्यात खारीक, खोबरं, गूळ, वळून घट्ट केलेला गोळा. त्यांनी मदतनीस मुलीकडे पाहिलं. तिने टिपणं थांबवलं.

"हे लोक बाळंतिणीला देतात," मी म्हटलं. "हाडं मजबूत होतात."

डॉक्टरांनी हमीत बसवून दाढ भरून दिली, फुकट. कापूस माझ्या तोंडात असतानाच त्यांनी विचारलं, त्यातला एखादा गोळा उरला आहे का. तपासायला हवा होता की खायला, हे मला विचारता आलं नाही. आईने मात्र लगेच डबा भरला आणि वर बजावलं, "त्यांना म्हणावं, पुढच्या दातांनी नका तोडू. मागच्यांनी खा."